अर्भकांच्या जिवावर साम्राज्यविरोध

औषध कंपन्यांची नफेखोरी हा साम्राज्यवादाचाच एक अवतार आहे, हे या पानाच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. परंतु साम्राज्यविरोधाची भाषा बोलणारा प्रत्येक सत्ताधीश जनतेच्या बाजूचा असतोच असे नव्हे. दक्षिण आफ्रिकेत या भ्रमाची किंमत पाळण्यातल्या मुलांनी मोजली.

एच.आय.व्ही.चा विषाणू गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी अथवा अंगावरच्या दुधातून मातेकडून अर्भकाकडे जातो. काहीच उपाय न केल्यास शंभरांतील १५ ते ४५ मुलांना लागण होते. झिडोव्ह्यूडिन हे औषध दिल्यास हे प्रमाण सुमारे दोन तृतीयांशाने घटते, हे १९९४ साली सिद्ध झाले होते. पण ते महाग, आणि देण्याची पद्धत किचकट. १९९९ साली युगांडातील प्रयोगाने सोपा मार्ग दाखविला. वेणा सुरू होताच मातेला नेविरापिनची एक गोळी, आणि तीन दिवसांच्या आत बाळाच्या तोंडात त्याच औषधाचा एक अल्पसा डोस. एवढ्यावर संसर्ग, झिडोव्ह्यूडिनच्या अल्पकालीन उपचाराच्या तुलनेत, जवळजवळ निम्म्यावर आला. पुढच्याच वर्षी उत्पादक कंपनीने हे औषध गरीब देशांना पाच वर्षे फुकट देऊ केले.

त्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतील सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गर्भवतींपैकी चौघींमागे एक बाधित होती. अशा देशाच्या सरकारने काय करावे? प्रत्येक प्रांतात दोन, अशी अवघी अठरा केंद्रे ठरविली, आणि त्यांच्याबाहेरील सरकारी डॉक्टरांना हे औषध देण्यास मनाई केली! राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांना या विषाणूमुळे एड्स होतो हेच मान्य करावयाचे नव्हते. त्यांच्या आरोग्यमंत्री लसूण, बीट आणि लिंबाचे गुण सांगत होत्या.

एका डोसाने विषाणू औषधाला दाद देईनासा होईल, ही शंका निराधार नव्हती; पुढे जगभर अधिक औषधांचा संयुक्त उपचार आला तो काही अंशी त्यामुळेच. स्वच्छ पाणी नसलेल्या वस्तीत बाळाला डब्याचे दूध देणेही धोक्याचे, हेही खरे. परंतु उपचार सुधारण्यास सांगणारी शंका वेगळी आणि उपचार नाकारण्यासाठी शोधलेली सबब वेगळी.

सर्वांत उद्वेगजनक गोष्ट पुढेच आहे. औषधे स्वस्त करणाऱ्या कायद्याविरुद्ध ३९ कंपन्यांनी याच सरकारला न्यायालयात खेचले, तेव्हा 'ट्रीटमेंट ॲक्शन कँपेन' ही रुग्णांची संघटना सरकारच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. एप्रिल २००१ मध्ये कंपन्यांनी माघार घेतली. त्याच संघटनेला काही महिन्यांत त्याच सरकारवर दावा लावावा लागला. संघटनेचे नेते झॅकी अख्मत हे आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचेच सभासद. सरकारी रुग्णालयांत सर्वांना औषध मिळत नाही तोवर आपण ते घेणार नाही, असा त्यांचा निर्धार होता. डिसेंबर २००१ मध्ये सरकार हरले, तरी अपिलात गेले! अखेर ५ जुलै २००२ रोजी घटना न्यायालयाने एकमताने हे निर्बंध उठविण्याचा आदेश दिला. २००० ते २००५ या काळात धोरणातील या अडवणुकीमुळे सुमारे ३५ हजार अर्भकांना टाळता येण्याजोगी लागण झाली, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ साली मांडला.

मग साम्राज्यवादाशी खरोखर कोण लढले? विषाणूच नाकारणारे सत्ताधीश, की कंपन्या व सरकार या दोहोंना न्यायालयात गाठणारे रुग्ण? मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ साली तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला. बड्या कंपन्यांचा दर दहा हजारांच्या घरात होता. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या मूळ द्रव्यावर मक्तेदारी मानली नव्हती, म्हणूनच हे शक्य झाले. २००५ साली ती तरतूद आपणच काढून टाकली.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत अचानक गोठविली. यापुढे औषध संपले की अनेक सरकारे वॉशिंग्टनकडे बोट दाखवतील, आणि ते चूकही नसेल. पण स्वतःच्या अंदाजपत्रकात बाळंतिणींच्या औषधासाठी किती रक्कम ठेवली, याचे उत्तर त्यांनी आपल्या प्रसूतिगृहांतील स्त्रियांना आधी द्यावे.