तबकडी हा अस्सल कागद आहे

१/ जुनी तबकडी ऐकून झाली की एक अभिप्राय हमखास उमटतो : आवाज सुंदर आहे, पण तीन मिनिटांत राग तो काय कळणार? खरे गाणे मैफलीत होते आणि खरे उस्ताद कर्ण्यासमोर बसलेच नाहीत. या विधानात इतिहासाच्या दोन चुका आहेत आणि एक अन्याय आहे. हा धागा त्याविषयी.

२/ आरंभ नोव्हेंबर १९०२, कलकत्ता. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग याने प्रथम शशिमुखी आणि फणिबाला या रंगभूमीवरील दोघींचे गाणे घेतले, आणि काही दिवसांतच गौहर जान कर्ण्यासमोर आल्या. मायक्रोफोन नव्हता, विजेचे साहाय्य नव्हते. कर्ण्यात शिरलेला आवाज एका पातळ पडद्याला कंपित करी आणि त्या कंपनाने सुई मेणाच्या चकतीवर रेघ कोरी. तंबोरा जवळजवळ हरवून जाई, तबल्याचा बायाही बुजे. गायिकेने मान वळवली तरी स्वर क्षीण होई. ती मेणाची चकती मग जर्मनीत हॅनोव्हरला जाई आणि छापील तबकड्या होऊन परते. कलकत्त्यात कारखाना निघाला तो १९०८ मध्ये.

३/ गाण्याच्या शेवटी गौहर जान इंग्रजीत आपले नाव उच्चारतात. हॅनोव्हरच्या कामगारांना गायिका ओळखता यावी म्हणून ही पद्धत पडली, असे सांगितले जाते. कारण काहीही असो, ज्या काळात घराण्यांच्या वंशावळींत स्त्रियांची नावे क्वचितच येत, त्या काळात एक स्त्री स्वतःच्या तोंडाने आपले नाव कोरून ठेवते आहे. आपण मात्र ती गंमत म्हणून ऐकतो आणि हसतो.

४/ आता पहिली चूक. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे, बारा इंचीस चारच्या आसपास. म्हणून तबकडी म्हणजे मैफलीचा कापून काढलेला तुकडा, असे गृहीत धरले जाते. तसे ते नाही. मैफलीत गवय्याला श्रोत्यांचा प्रतिसाद पाहून वाढ करता येते, एखादी जागा फसली तर पुन्हा घेता येते. मेणावर दुसरी संधी नसते; पुन्हा गायचे तर नवी चकती. रागाची ओळख पहिल्या एक-दोन स्वरसंगतींतच पटवून द्यायची, स्थायी-अंतरा मांडायचा, मोजक्या ताना घ्यायच्या आणि सुई कडेला पोचण्यापूर्वी समेवर येऊन थांबायचे, ही निराळी रचना होती. ती कोणत्याही गुरूने शिकवली नव्हती. कर्ण्यासमोर उभे राहून तिला आकार देण्यात या गायिका अग्रभागी होत्या.

५/ जोहराबाई आग्रेवालींचा जौनपुरी ऐका. या महिन्यात मी तो पुनःपुन्हा ऐकला. आवाज भरदार आणि सरळ. स्वर लावताना कोठेही लाडिकपणा नाही. तानेला आरंभ आहे तसा शेवटही आहे. घाई ऐकणाऱ्याला जाणवेल, गाणारीला ती झालेली नाही. फैयाज खाँसाहेबांच्या गायकीवर जोहराबाईंचा प्रभाव मानला जातो. आग्रा घराण्याविषयी लिहिताना हे वाक्य तळटीपेत का ढकलले जाते, याचे उत्तर घराण्यांच्या अभिमान्यांनी द्यावे.

६/ दुसरी चूक : उस्ताद बसले नाहीत. अब्दुल करीम खाँसाहेब १९०५ मध्येच बसले. भूगंधर्व रहिमत खाँ बसले, फैयाज खाँ बसले. अल्लादिया खाँसाहेबांची तबकडी नाही, हे खरे. घराण्याची चीज बाजारात जाईल, कोणीही उचलील, ही धास्ती त्या पिढीत होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. परंतु तिला तत्त्वनिष्ठा ठरवून, ज्यांनी ध्वनिमुद्रण केले त्यांना पैशाच्या लोभी ठरवणे ही पुढच्या काळातील कुजबूज आहे. जोहराबाईंनी १९०८ मध्ये कंपनीशी करार केला : वर्षाला पंचवीस गाणी, अडीच हजार रुपये. गाण्यामागे शंभर रुपये. दरबाराकडून वर्षासन घेणारा गवय्या निष्काम, आणि करारावर सही करणारी बाई लोभी? हाच तो अन्याय.

७/ येथे जमलेले बहुतेक वाचक मराठ्यांच्या इतिहासाचे. बखर आणि अस्सल कागद यांत फरक कसा करावा हे आपल्याला राजवाड्यांनी शिकवले. कागद समोर आला की आपण तारीख पाहतो, शिक्का पाहतो, हस्ताक्षर ताडतो. गाण्याच्या बाबतीत ही सारी शिस्त कोठे जाते? 'खाँसाहेब एकेक राग रात्रभर गात' ही आख्यायिका, म्हणजे बखर. तबकडी हा अस्सल कागद. आपण बखरीवर विश्वास ठेवतो आणि कागद अपुरा म्हणून बाजूस सारतो!

८/ अर्थात कागदही तपासावा लागतो. त्या काळच्या तबकड्या सरसकट मिनिटाला ७८ फेऱ्यांनी कोरलेल्या नसत. ७२ फेऱ्यांनी कोरलेली तबकडी ७८ ने वाजवली तर लय शेकडा आठने वाढते आणि षड्ज कोमल ऋषभाच्याही वर सरकतो. आंतरजालावर चढवलेल्या कित्येक तबकड्यांत ही दुरुस्ती केलेलीच नसते. मग त्याखाली लिहिले जाते की जुन्या गायिकांचे आवाज किनरे होते. किनरा आवाज तुमच्या यंत्राचा आहे.

९/ तारीख न पाहण्याचेही असेच. अब्दुल करीम खाँसाहेबांचा झिंझोटी सर्वांना पाठ; त्यावरून त्यांची गायकी संथ आणि करुण, असा शिक्का बसला. तो झिंझोटी विद्युत ध्वनिमुद्रणाच्या काळातला, साठी ओलांडलेल्या गवय्याचा आहे. १९०५ च्या तबकड्यांत तिशीतला चपळ, तानबाज तरुण भेटतो. दोन्ही तबकड्यांत तीस वर्षांचे अंतर आहे आणि मध्ये यंत्रच बदललेले आहे.

१०/ उलट दिशेने धावणाऱ्यांनाही सांगायला हवे. 'पूर्वी ख्याल द्रुतच गात, विलंबित हे नंतरचे खूळ' असा निष्कर्ष तबकड्यांवरून काढणारे काही उत्साही आहेत. तीन मिनिटांच्या मर्यादेत जे बसत नव्हते ते अस्तित्वातच नव्हते, असे त्यावरून सिद्ध होत नाही. कागदात जे आहे त्याला कागद पुरावा. जे नाही त्याविषयी तो मुका.

११/ अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज आपल्याकडे नाही. त्यांची गायकी आपल्या कानी येते ती केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या शिष्यांच्या मुखातून. केसरबाईंनाही ध्वनिमुद्रणाचे फारसे प्रेम नव्हते. तरीही गोव्यातल्या केरीच्या या गायिकेची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीत गेली. त्याच सप्टेंबरात बाई निवर्तल्या. व्हॉयेजर १ ने २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडली. साऱ्या हिंदुस्थानी संगीतातून तेथे पोचली ती ही तीन-साडेतीन मिनिटांच्या चौकटीतली एकच चीज.

१२/ म्हणून मागणी एवढीच. या आठवड्यात काय ऐकले ते सांगाल तेव्हा गायिकेच्या पूर्ण नावासोबत राग, कंपनी, तबकडीचा क्रमांक आणि कळले तर वर्ष लिहा. साथीदारांची नावे बहुतेक लेबलांवर नाहीतच. कोणाला ठाऊक असतील तर आधारासह द्या. घरात आजोबांच्या काळच्या तबकड्या असतील तर लेबलाचे छायाचित्र दोन्ही बाजूंचे टाका, तबकडी फुटलेली असली तरी. वाचायचे राहिलेले कागद अजून पुष्कळ आहेत.