शेतातील जुने प्लास्टिक : खरी काटकसर कोणती?

कवठे महांकाळ तालुक्यातील शेतकऱ्यास काटकसर शिकवावी लागत नाही. पावसाचा भरवसा नसलेल्या या मुलखात पाण्याचा थेंब, वैरणीची पेंढी आणि दोरीचा तुकडादेखील जपून वापरला जातो. पुढे म्हैसाळ येथे उचललेले कृष्णेचे पाणी या दुष्काळी पट्ट्यात आले, शेततळी झाली, ठिबकच्या नळ्या पसरल्या आणि माळरानावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. या परिवर्तनात प्लास्टिकचा वाटा मोठा आहे. तळ्यातील पाणी मुरू न देणारा कागद व मुळाशी पाणी नेणारी नळी यांवाचून अनेक बागा तगल्या नसत्या. म्हणून प्लास्टिकला सरसकट शत्रू ठरविणे योग्य नव्हे. प्रश्न आहे तो त्याचे काम संपल्यानंतरचा.

आज पुष्कळ ठिकाणी जुनी नळी बांधावर पडून राहते, फाटका कागद ओढ्यात जातो आणि ढीग वाढला की त्यास काडी लावली जाते. उघड्यावर जळणाऱ्या प्लास्टिकमधून विषारी धूर निघतो, पी.व्ही.सी. नळी जाळल्यास त्यात आम्लाची वाफही असते. उन्हाने ठिसूळ झालेल्या कागदाचे बारीक तुकडे मातीत मिसळतात व ते पुन्हा वेचून काढता येत नाहीत. जनावराने गिळलेली पिशवी पचत नाही. ती कोटीपोटात साचत जाते आणि अखेरीस जनावर दगावते.

यावर पुनर्वापर हा उत्तम उपाय आहे. शेततळ्याचा निकामी कागद कडब्याच्या गंजीवर झाकण्यास अगर गांडूळखताच्या वाफ्याखाली अंथरण्यास चालतो. ठिबकच्या जुन्या नळीचे तुकडे उभे चिरून तारेवर बसविल्यास वेलीला तार काचत नाही. दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत रोपे तयार होतात. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत गंधगोळी टांगली की फळमाशीचा सापळा तयार होतो. खताच्या वा सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर घातलेला वनराई बंधारा तर महाराष्ट्रातील खेड्यांना चांगलाच परिचित आहे.

परंतु पुनर्वापराने कचरा नाहीसा होत नाही, तो केवळ पुढे ढकलला जातो, हे ध्यानात घेतले पाहिजे. बंधाऱ्याच्या गोण्या उन्हात कुजतात. पुढील पावसापूर्वी त्या काढल्या नाहीत, तर त्यांचे धागे पुराबरोबर अग्रणी नदीच्या पात्रात जातात. रोप लावताना पिशवी कापून बाजूला ठेवली नाही, तर ती खड्ड्यातच गाडली जाते. यास्तव वस्तू दुसऱ्यांदा हाती घेतानाच तिचा शेवट कोठे होणार, हे ठरविले पाहिजे. ज्या उपयोगाचा शेवट मातीत होतो, ती काटकसर नव्हे. ती पुढील पिढीच्या नावावर केलेली उधारी होय.

एका बाबतीत मात्र काटकसर सर्वथा वर्ज्य आहे. कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला, तरी त्यात पिण्याचे पाणी, तेल, धान्य वा जनावरांचे खाद्य कदापि ठेवू नये. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनीही अशा वेष्टनांचा पुनर्वापर होऊ नये असे बजावले आहे. डबा तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे, डब्यास भोके पाडावीत आणि तो मुलांच्या हाती न लागेल असा निराळा ठेवावा.

मातीने माखलेले प्लास्टिक भंगारवाला घेत नाही, अशी तक्रार ऐकू येते. ती खरी आहे. पण तिचे उत्तरही तिच्यातच आहे. नळी, कागद व गोणी हे तीन प्रकार निरनिराळे, झटकून व कोरडे ठेवले, तर त्यांना गिऱ्हाईक मिळण्याची शक्यता वाढते. एका शेतकऱ्याचा माल थोडा असतो, साऱ्या गावाचा मिळून गाडीभर होतो. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी ही जबाबदारी ग्रामपंचायतींपर्यंत आणली, आणि स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात तालुका पातळीवरील प्लास्टिक व्यवस्थापन केंद्रांची तरतूद झाली. तथापि शेतातून माल गोळा झाल्यावाचून केंद्र काय करणार?

येथेच गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. याच भागाचे प्रतिनिधित्व केलेले आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना, २००० च्या सुमारास, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि गावोगावी लोकांनी स्वतः झाडू हाती घेतला. त्या वेळी गल्ल्या स्वच्छ झाल्या. आता पाळी शिवाराची आहे. एप्रिलच्या खरड छाटणीच्या सुमारास एक दिवस ठरवावा, वाडीवस्तीवरील जुने प्लास्टिक प्रकारवार एका जागी आणावे आणि गावाने ते एकत्रच पुढे पाठवावे. ज्या शेतकऱ्याने पाण्याचा थेंब वाया जाऊ दिला नाही, त्याला हे काम अवघड वाटण्याचे कारण नाही.