चंद्र झालेल्या मुलीची गोष्ट

दिवाळी अंकाचा मजकूर भर श्रावणात मागायची आमच्या संपादकांची जुनी खोड आहे. बाहेर पावसाची झड, घरात दोऱ्यांवर ओले कपडे, आणि आम्ही मात्र आकाशकंदिलाच्या प्रकाशात बसल्यासारखे लिहायचे! यंदा विषयासाठी डोके खाजवावे लागले नाही, एवढेच सुख. तो विषय २०२४ च्या फेब्रुवारीपासून आमच्या घरात मुक्काम ठोकून आहे आणि पाहुण्याप्रमाणे जायचे नाव घेत नाही.

झाले असे. आमचा नातू लहानपणापासून एका अमेरिकन कार्टूनचा भक्त. ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ हे त्याचे नाव. मायकेल दान्ते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनीत्झ्को या दोघांनी ते रचले आणि २००५ ते २००८ या काळात निकलोडियन वाहिनीवर त्याचे एकसष्ट भाग झाले. आमच्या चिरंजीवांना ते कार्टून पुढे इंटरनेटवर सापडले, आणि नातू जेवायला बसला की त्याच्यासमोर हेच लागत असे. सौभाग्यवती शेजारी बसून मेथी निवडता निवडता ते पाहायच्या. अशा रीतीने, कोणाच्या लक्षात न येता, आमच्या घरात त्या कार्टूनचे दोन जाणकार तयार झाले.

पुढे बातमी आली की, हीच गोष्ट खऱ्या नटनट्यांना घेऊन नेटफ्लिक्सने काढली आहे. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी तिच्या पहिल्या पर्वाचे आठही भाग एकदम प्रसिद्ध झाले. आलेल्या रविवारी नातवाने टीव्हीचा ताबा घेतला, नात उशी घेऊन पुढे बसली, सौभाग्यवती मागे, आणि आम्ही वर्तमानपत्राच्या आडून.

ज्यांच्या घरी हे प्रकरण अजून शिरलेले नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात कथा सांगतो. एका काल्पनिक जगात चार राष्ट्रे आहेत : जल, पृथ्वी, अग्नी आणि वायू. आपली महाभूते पाच, त्यांची चार. आकाश कोणाच्या वाट्याला आले नाही. प्रत्येक राष्ट्रातल्या काही माणसांना आपापले तत्त्व हाताच्या इशाऱ्यावर नाचवता येते. चारही तत्त्वे ज्याला वश होतात, तो ‘अवतार’. शब्द आपलाच, आणि कल्पनाही ओळखीची. एक अवतार गेला की दुसरा जन्म घेतो आणि जगाचा तोल सांभाळतो. यातला अवतार म्हणजे अँग नावाचा बारा वर्षांचा, डोक्याचा गोटा केलेला मुलगा. तो शंभर वर्षे बर्फात गोठून पडला होता. तेवढ्या काळात अग्निराष्ट्राने बाकीच्यांवर युद्ध लादले आणि अँगचे वायुराष्ट्र पुरते नाहीसे केले. काटारा आणि सोका ही दक्षिणेकडची भावंडे त्याला बर्फातून बाहेर काढतात, आणि तिघे मिळून उत्तर ध्रुवाकडे निघतात.

आज आम्हांला सांगायचे आहे ते या पर्वाच्या शेवटाविषयी.

कार्टूनमध्ये हा शेवट दोन भागांत आहे आणि ते दोन्ही भाग २ डिसेंबर २००५ रोजी दाखवले गेले. उत्तरेला जलजमातीचे बर्फाचे नगर आहे. अग्निराष्ट्राचा झाओ नावाचा सेनापती मोठे आरमार घेऊन त्याला वेढा घालतो. जलजमातीचे बळ चंद्रावर अवलंबून असते, आणि पौर्णिमेला ते सर्वांत अधिक. भरती-ओहोटी चंद्रामुळे होते, हे आपण शाळेत शिकलो. त्याच गोष्टीवर या लेखकांनी सगळे नाट्य उभे केले आहे. नगराच्या पोटात एक तळे आहे. त्यात एक पांढरा आणि एक काळा असे दोन मासे एकमेकांभोवती अखंड फिरत असतात. पांढरा मासा म्हणजे चंद्राचा आत्मा आणि काळा म्हणजे समुद्राचा. त्यांची नावे तुई आणि ला. चिनी भाषेत या शब्दांचा अर्थ ढकलणे आणि ओढणे असा होतो. लाटेचे काम याहून सोप्या शब्दांत सांगता येणार नाही.

झाओ हे गुपित शोधून काढतो आणि पांढरा मासा मारतो. आकाशातला चंद्र विझतो. कार्टूनमध्ये त्या क्षणी पडद्यावरचे रंग जातात. सगळे जग राखेसारखे होते आणि रंग उरतो तो फक्त आगीला. अँग समुद्राच्या आत्म्याशी एकरूप होऊन प्रचंड जलरूप धारण करतो आणि आरमार बुडवतो. पण गेलेला चंद्र परत कसा आणायचा?

येथे त्या नगराच्या प्रमुखाची मुलगी येते. तिचे नाव युए. चिनी भाषेत त्याचा अर्थ चंद्र. ती जन्मली तेव्हा रडली नव्हती, तिने डोळे उघडले नव्हते. वैद्यांनी हात टेकले, तेव्हा बापाने तिला त्या तळ्याच्या पाण्यात ठेवले आणि चंद्राने तिला आपला थोडा प्राण दिला. तेव्हापासून तिचे केस पांढरे झाले. आज ती तो प्राण परत करते. मेलेल्या माशावर हात ठेवते, सोकाच्या मिठीत जाते, आणि आकाशात चंद्र होऊन उगवते. मुलांसाठी काढलेल्या कार्टूनमध्ये असा शेवट ठेवायला छाती लागते.

मध्यंतरी २०१० साली मूळ पुदुच्चेरीच्या माहे गावी जन्मलेल्या एम. नाइट श्यामलन यांनी हे सगळे पर्व एकाच चित्रपटात बसवले होते. अग्निराष्ट्राचा राजपुत्र झुको त्यात देव पटेलने केला होता. त्या चित्रपटाच्या शेवटी अँग समुद्राची भिंत उभी करतो, आणि शत्रू ती पाहूनच माघार घेतो. त्या चित्रपटाचे नाव आमच्या घरात काढायचे नाही, असा नातवाचा दंडक आहे. म्हणून आम्हीही पुढे जातो.

नेटफ्लिक्सच्या आठव्या भागापर्यंत पोहोचलो, तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. गॉर्डन कॉर्मियर या लहान मुलाने केलेला अँग आम्हांला आवडला. झुकोचा काका आयरो पॉल सन-ह्युंग ली यांनी मायेने केला आहे. स्वतः अग्निराष्ट्राचा असून हा म्हातारा चंद्र वाचवण्यासाठी आपल्याच सेनापतीपुढे उभा राहतो, कारण चंद्राची गरज सर्वांनाच आहे हे त्याला कळते. कार्टूनमध्ये झाओला समुद्राचा आत्मा ओढून नेतो. येथे तो आयरोच्या हातून मरतो. बर्फाचे नगर, ज्वाळा, पाण्याचा तो राक्षसी देह, कशातही काटकसर केलेली नाही.

पण नातवाचे तोंड उतरले होते. तो म्हणाला, “आजोबा, या पर्वाचं नावच मुळात ‘जल’ होतं. अँगने त्यात पाणी वश करायला शिकायचं असतं. इथे तो शिकलाच नाही! आणि सगळे जण मनात काय चाललंय ते बोलूनच दाखवतात.”

पोराचे म्हणणे आम्हांला पटले. कार्टूनचे ते पर्व वीस भागांचे, एकेक भाग साधारण तेवीस मिनिटांचा. नव्या मालिकेचे भाग आठच असले, तरी ते लांब आहेत. तेव्हा एकूण वेळेत फार मोठी काटछाट झालेली नाही. काटछाट झाली ती रिकाम्या जागांची. वीस भागांत मुले भटकत होती, भांडत होती, चुकत होती, आणि त्यांच्याबरोबर आपणही. म्हणून चंद्र विझल्यावर पोटात धस्स होत असे. आठ भागांत प्रसंगाला प्रसंग खेटून उभा केला आहे आणि मधले नाते संवादांतून सांगितले आहे. प्रवासात गप्पा मारायला वेळ मिळाला नाही की, सहप्रवासी स्टेशनावर उतरला तरी आपण खिडकीतून मान काढून पाहत नाही. तसेच काहीसे झाले.

आम्ही हा निकाल देऊन उठणार, तोच पुढे बसलेली नात वळली. तिने कार्टून मन लावून कधी पाहिले नव्हते. तिचा प्रश्न निराळाच होता.

“आजी, मरायचं तिनेच का?”

“तिला चंद्राने जीव दिला होता ना बाळा. तो तिने परत केला,” आम्ही मध्येच म्हणालो. ऋण फेडणे, त्याग वगैरे चार शब्दही आम्ही जोडले. आमच्या पिढीला असे शब्द शोधावे लागत नाहीत. ते जिभेवरच असतात.

सौभाग्यवती काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “त्या जुन्यातला बाप आठवतोय का तुम्हांला?”

आम्हांला आठवत नव्हता. नातवाला आठवत होता. कार्टूनच्या अखेरीस युएचा बाप सोकाला सांगतो की, ती जन्मली तेव्हाच त्याला दृष्टान्त झाला होता. मुलगी एक दिवस चंद्र होणार, हे त्याला ठाऊक होते. त्याला तिचा अभिमान वाटतो आणि दुःखही होते.

“म्हणजे त्याला माहीत होतं,” सौभाग्यवती म्हणाल्या. “सोळा वर्षं माहीत होतं. तिला सांगितलं का कधी? उलट जमातीसाठी म्हणून तिचं लग्नही एका शिष्ट पोराशी ठरवून टाकलं. आणि ती गेल्यावर म्हणे अभिमान वाटतो!”

आम्ही वर्तमानपत्राची घडी घातली. हे बोलणे कार्टूनपुरते राहिलेले नाही, हे चाळीस वर्षांच्या संसारानंतर एवढे तरी कळते.

सौभाग्यवती पाच भावंडांतल्या थोरल्या. मॅट्रिकला चांगले गुण होते. कॉलेजात नाव घातले होते, पहिल्या सहामाहीची फी भरली होती. तेवढ्यात वडिलांची नोकरी गेली. दोघा भावांची शिक्षणे व्हायची होती. सौभाग्यवतींनी कॉलेज सोडले आणि एका दुकानात हिशेब लिहायला लागल्या. भाऊ शिकले, मोठे झाले. भाऊबीजेला ओवाळणी घालताना दोघेही म्हणतात, “ताई होती म्हणून आम्ही झालो.” ते मनापासून म्हणतात. आम्हीही पाहुण्यांना ही गोष्ट कौतुकाने सांगत आलो आहोत. पण ‘तुला तेव्हा काय करायचे होते?’ हे तिला ना वडिलांनी विचारले, ना भावांनी. चाळीस वर्षांत आम्हीही विचारले नव्हते.

“यातली मुलगी मला बरी वाटली,” सौभाग्यवती टीव्हीकडे बोट करून म्हणाल्या. “ठरलेलं लग्न हिने स्वतः मोडलंय. शेवटी तळ्यात गेली, तीही आपल्या मनाने गेली.”

गोष्ट खरी आहे. नव्या मालिकेने युएला अधिक मोकळी केली आहे. तिचा तो वाग्दत्त वरही येथे शिष्ट नाही, चांगला मुलगा आहे. तरीही तिने नकार दिला आणि त्याने तो मानला. काटाराचेही तसेच. पाक्कू नावाचे तेथले गुरुजी बायकांना युद्धविद्या शिकवायला तयार नसतात. कार्टूनमध्ये काटाराच्या गळ्यातला हार पाहून त्यांना आपली जुनी वाग्दत्त वधू आठवते आणि ते विरघळतात. येथे काटारा हट्टाला पेटते आणि ऐन लढाईत नगरातल्या बायकाही आघाडीवर उभ्या राहतात.

म्हणून आमचा निकाल बदलला. गोष्ट म्हणून २००५ चा शेवट आजही सरस आहे. त्यात रंग जातात तेव्हा कोणी भाषण करीत नाही, आणि पाहणाऱ्याला आपोआप सारे कळते. नव्या शेवटात घाई आहे, बडबड आहे. धूमकेतू येणार ही महत्त्वाची बातमी तर शेवटच्या प्रसंगापर्यंत राखून ठेवली आहे, पुढच्या पर्वाची ओढ लागावी म्हणून. ती दोन पर्वे २०२४ च्या मार्चमध्ये जाहीरही झाली. पण मुलीने जीव दिला याचे कौतुक करण्यापूर्वी तिला काय हवे होते हे पाहावे, एवढी गोष्ट या नव्या मंडळींच्या ध्यानात आली. जुन्या गोष्टी पुन्हा सांगायच्या त्या यासाठीच. नाही तर जुनी आहेच की, तीच पाहावी.

यंदा नारळी पौर्णिमेला सौभाग्यवती नारळ खवत होत्या. पाऊस थांबला होता आणि गॅलरीतून चंद्र दिसत होता. नात म्हणाली, “आजी, बघ, युए!” आणि त्याच दमात, “आजी, तुला अजून कॉलेजला जायचंय का?”

सौभाग्यवती हसल्या. पण दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलावर, या लेखाच्या कागदांशेजारी, मुक्त विद्यापीठाच्या प्रवेशाची माहितीपत्रिका येऊन पडली होती. नातवाने छापून आणलेली. तीन दिवस ती तेथेच होती. कोणी हात लावला नाही.

चौथ्या दिवशी आम्ही विचारले, “काय करायचं मनात आहे तुझ्या?”

त्यांनी आमच्याकडे जरा निरखून पाहिले. मग म्हणाल्या, “मराठी घेऊ की इतिहास, ते ठरत नाहीये.”