विश्लेषण : ‘तुंबाड’चा दुसरा भाग येणार, मग चाहत्यांच्या मनात धाकधूक का?

वाशिम : लोभी विनायकराव, पावसात भिजलेला वाडा आणि जमिनीच्या पोटातला हस्तर. पहिल्या प्रदर्शनात फारसा न चाललेला ‘तुंबाड’ सहा वर्षांनी चित्रपटगृहांत परतला आणि मूळ कमाईच्या दुपटीहून अधिक गल्ला करून गेला. त्याच वेळी दुसऱ्या भागाची घोषणा झाली. तेव्हापासून चाहते या भागाची वाट पाहत आहेत आणि तो फसला तर काय, या विचाराने धास्तावलेही आहेत. असे का, याचा हा आढावा.

घोषणा झाली कधी?

१३ सप्टेंबर २०२४ रोजी, ऐन गणेशोत्सवात ‘तुंबाड’ पुन्हा प्रदर्शित झाला. मुळात तो १२ ऑक्टोबर २०१८ रोजी आला होता. तेव्हा आठवडाभर आधी आलेला ‘अंधाधुन’ जोरात होता आणि पुढच्या आठवड्यात ‘बधाई हो’ येऊन ठेपला. या दोघांच्या कात्रीत ‘तुंबाड’चे खेळ झपाट्याने कमी झाले. त्याच वर्षी व्हेनिस चित्रपट महोत्सवातील समीक्षक सप्ताहाची सुरुवात या चित्रपटाने झाली होती, पुढे छायाचित्रण, कला दिग्दर्शन आणि ध्वनीसाठी फिल्मफेअर पुरस्कारही मिळाले. पण तिकीट खिडकीवर त्याचा उपयोग नव्हता. प्रेक्षक मिळाला तो नंतर, ओटीटीवर. एकाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला, असे करत हा चित्रपट घराघरांत पोहोचला.

म्हणून २०२४ मध्ये चित्रपटगृहात गर्दी झाली तेव्हा त्यातले बरेच जण चित्रपट मोबाइलवर आधीच पाहून आलेले होते. त्यांना आता तो मोठ्या पडद्यावर हवा होता. शेवटी दुसऱ्या भागाची घोषणा झळकली आणि टाळ्या पडल्या.

मग माशी कुठे शिंकली?

त्याच सुमारास मूळ चित्रपटाचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी समाजमाध्यमावर आपली बाजू मांडली. ‘तुंबाड’ हा आपल्या मनातल्या त्रयीचा पहिला भाग होता, पुढचे दोन भाग ‘पहाडपंगिरा’ आणि ‘पक्षीतीर्थ’ या नावांचे असतील, असे त्यांनी सांगितले. आणि ‘तुंबाड २’ साठी सोहम शाह व आदेश प्रसाद यांना शुभेच्छा दिल्या. भाषा सौजन्याची होती, पण अर्थ सरळ होता. दुसऱ्या भागाच्या खुर्चीवर बर्वे नसणार.

चाहत्यांच्या पोटात गोळा आला तो इथे. बर्वे यांनी या चित्रपटावर आयुष्याची किती वर्षे घातली, हे त्यांना ठाऊक आहे. पहिला खर्डा त्यांनी १९९७ मध्ये लिहिला, तेव्हा ते जेमतेम अठरा वर्षांचे होते. पुढे सातशे पानांचा चित्रपट त्यांनी रेखाटनांमध्ये उभा केला. २००८ मध्ये एकदा सुरुवात होऊन काम थांबले. २०१२ मध्ये चित्रीकरण झाले, ते मनासारखे न वाटल्याने बराचसा भाग पुन्हा चित्रित करावा लागला. पाऊस खराच हवा, हा हट्ट असल्याने पावसाळ्यामागून पावसाळे थांबावे लागले. पडद्यावरचा तो ओलसर, कुंद, सूर्य न दिसणारा उजेड संगणकावर तयार झालेला नाही. छायालेखक पंकज कुमार यांची ती मेहनत आहे आणि निर्मात्याच्या सहनशीलतेचीही.

हा शेवटचा शब्द महत्त्वाचा. वर्षानुवर्षे पैसा अडकवून, स्वतः विनायकरावाची भूमिका करत चित्रपट तडीस नेणारे सोहम शाह हेच निर्माते होते. त्यामुळे दिग्दर्शक म्हणजे देव आणि निर्माता म्हणजे सावकार, अशी सोपी वाटणी इथे लागू होत नाही. आदेश प्रसाद हेही बाहेरचे नव्हेत. मूळ चित्रपटाच्या पटकथाकारांपैकी ते एक आहेत आणि सहदिग्दर्शकही होते. आनंद गांधी सर्जनशील दिग्दर्शक होते. ‘तुंबाड’ कुणा एकाचा, हे ठरवायला बसले तर पंगत मोठी होईल.

कायद्याने ‘तुंबाड’ कुणाचा?

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. दिग्दर्शकाला तो दर्जा नाही. पटकथा, संवाद, गाणी यांच्यावर त्या त्या लेखक-संगीतकाराचा वेगळा हक्क असतो आणि २०१२ च्या दुरुस्तीने तो बळकट झाला. पण एखाद्या चित्रपटाचा पुढचा भाग काढायचा की नाही, कुणाकडून काढायचा, याचा निर्णय करारानुसार बहुतेक वेळा निर्मात्याच्या हाती राहतो. प्रेक्षक मात्र चित्रपट दिग्दर्शकाच्या नावाने ओळखतो. कायदा एकीकडे आणि रसिकाची समजूत दुसरीकडे, अशी ही जुनी तफावत आहे. पुढच्या भागाची घोषणा झाली की ती उघडी पडते.

मुळात ही गोष्ट आली कुठून?

वैदर्भीय वाचकाला यातला एक धागा जवळचा वाटेल. १९९३ मध्ये नागझिरा अभयारण्यात असताना एका मित्राने आपल्याला नारायण धारप यांची गोष्ट सांगितली आणि तिथून हे सारे सुरू झाले, असे बर्वे यांनी सांगितले आहे. म्हणजे कोकणातल्या पावसाची ही भीती रुजली ती विदर्भाच्या जंगलात. ती कथा म्हणजे धारपांची ‘आजी’. ती स्वतः अमेरिकी लेखक स्टीफन किंग यांच्या कथेवर बेतलेली. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीची आठवण करून देणारे. जगबुडी नदीकाठच्या खोत घराण्याच्या त्या कहाणीचा हस्तरशी काही संबंध नाही. हस्तर हे नाव तर पाश्चात्त्य भयकथांतल्या ‘हॅस्टर’ची आठवण करून देणारे. शीर्षकगीत अजय-अतुल यांचे, पार्श्वसंगीत डॅनिश संगीतकार जेस्पर किड यांचे, विनायकच्या पत्नीच्या भूमिकेत अनिता दाते.

एवढ्या ठिकाणांहून आणलेले धागे असूनही पडद्यावर जे दिसते ते आपल्याच आजोळच्या वाड्यातले वाटते, हे बर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे खरे कसब. दुसऱ्या भागाबद्दलची धाकधूक याच कसबाबद्दल आहे. पैसा वाढवता येतो, दृश्य परिणाम वाढवता येतात. ही आपलेपणाची वीण विकत मिळत नाही.

कथा तर संपली होती, मग पुढे काय?

हीसुद्धा रास्त शंका. १९१८ मध्ये आईबरोबर वाड्याच्या सावलीत वाढलेला विनायक मोठा होऊन पुण्याहून पुन्हा पुन्हा तुंबाडला येतो, पिठाची बाहुली हस्तरपुढे टाकून मूठभर मोहरा घेऊन पळतो. शेवटी, स्वातंत्र्य आलेले असताना, एका बाहुलीऐवजी अनेक बाहुल्या नेण्याची युक्ती मुलगा सुचवतो आणि एकाऐवजी अनेक हस्तर समोर उभे राहतात. बाप लंगोट मुलापुढे धरतो. मुलगा ती नाकारतो. तीन पिढ्यांचा लोभ तिथे तुटतो. त्या नकारात चित्रपटाचा सगळा जीव आहे.

दुसरा भाग काढायचा तर एक तर हा नकार खोटा ठरवावा लागेल, किंवा मागे जाऊन हस्तरची नाही तर वाड्याची आधीची कहाणी सांगावी लागेल, किंवा नवेच पात्र आणावे लागेल. पहिला मार्ग सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट. (एकदा हाती लागले म्हणून पुन्हा त्याच भुयारात उतरणाऱ्याचे काय होते, हे या चित्रपटाच्या निर्मात्यांना वेगळे सांगायला नको.) मागे जाण्याचा मार्ग अधिक आश्वासक आहे, कारण मूळ चित्रपटात देवी, तिचा पहिला पुत्र आणि त्याला मिळालेला शाप हे सारे पहिल्या काही मिनिटांत उरकले आहे. तिथे जागा शिल्लक आहे.

आधीचे अनुभव काय सांगतात?

दोन्ही बाजूंनी दाखले देता येतात. ‘तुंबाड’च्याच वर्षी आलेल्या ‘स्त्री’चा दुसरा भाग १५ ऑगस्ट २०२४ रोजी आला. तिथे लेखक बदलले, पण दिग्दर्शक अमर कौशिक कायम राहिले. चित्रपटाने विक्रमी कमाई केली. याउलट ‘भूलभुलैया’च्या दुसऱ्या भागात प्रियदर्शन यांच्या जागी अनीस बाझमी आले. २०२२ मध्ये तो चित्रपटही भरपूर चालला. मात्र पहिल्या भागात मनोविकाराची गोष्ट होती, दुसऱ्यात खरेखुरे भूत आणि भरपूर विनोद. धंदा झाला, चित्रपटाची जात बदलली. ‘तुंबाड’चा चाहता नेमका याच शक्यतेला घाबरतो. चित्रपट पडला तर निदान मूळ तरी सुरक्षित राहते. वेगळ्याच रूपात गाजला तर पुढच्या पिढीला तोच ‘तुंबाड’ म्हणून माहीत होईल.

मराठीत सचिन पिळगावकर यांनी ‘नवरा माझा नवसाचा’चा दुसरा भाग वीस वर्षांनी, २० सप्टेंबर २०२४ रोजी आणला. एसटीऐवजी रेल्वे आली, दिग्दर्शक तोच राहिला आणि प्रेक्षकही मुलाबाळांसह आला. २०१७ च्या ‘फास्टर फेणे’चे चाहते मात्र अमेय वाघच्या त्या ‘ट्टॉक्’साठी आजही कान टवकारून आहेत. भा. रा. भागवतांच्या पुस्तकांमध्ये साहसांचा साठा भरपूर आहे. मराठीत साहसपटाची मालिका मात्र उभी राहत नाही, ही खंत जुनीच.

वाशिमला याचे काय?

दोन गोष्टी. पहिली चित्रपटगृहाची. २०११ च्या जनगणनेनुसार वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख, त्यात शहरी लोकसंख्या पाचात एकाहूनही कमी. अशा जिल्ह्यात हळूहळू नाव कमावणाऱ्या चित्रपटाचे नेहमी नुकसान होते. चर्चा कानावर येईपर्यंत खेळ निघून जातात. मग अकोला, अमरावती किंवा नांदेड गाठा, नाही तर ओटीटीची वाट पाहा. रिसोड किंवा मानोऱ्याच्या तरुणाने ‘तुंबाड’ पाच-सहा इंची पडद्यावर, इअरफोन लावून पाहिला असेल तर त्यात त्याच्या आवडीनिवडीचा दोष नाही. दुसऱ्या भागाकडून त्याची पहिली अपेक्षा कथेची नाहीच. चित्रपट तालुक्याच्या जवळपास लागावा आणि दुसऱ्या शुक्रवारपर्यंत टिकावा, इतकीच ती आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. ‘तुंबाड’चा विषय गुप्तधन. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला ती कल्पनारम्य गोष्ट वाटते. विदर्भ-मराठवाड्यात गुप्तधनाच्या नावाखाली खणलेले खड्डे, मांत्रिकाने लुबाडलेली माणसे, रात्रीच्या पूजा या बातम्या वाचकाला नव्या नाहीत. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. शिवाय १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. म्हणजे मांत्रिक म्हणतो तसा हंडा खरेच निघाला, तरी तो गुपचूप घरी नेता येत नाही.

पहिला ‘तुंबाड’ या लोभाच्या विरोधात उभा होता. हस्तर भीतीदायक होता, पण खरा राक्षस विनायकराव होता. दुसऱ्या भागात हस्तरलाच नायक करून त्याच्या मोहरांची चमक विकली, तर गुप्तधन हे पुन्हा थरारक, हवेहवेसे प्रकरण होईल. मनोरंजनाने प्रबोधनाचा ठेका घ्यावा असे नाही. पण जी गोष्ट नेमकी उलटे सांगून मोठी झाली, तिच्याकडून एवढी अपेक्षा गैर नाही. जाता जाता एक: वत्सगुल्म, म्हणजे वाकाटकांच्या राजधानीचे आजचे वाशिम. या गावाने अभ्यासकांच्या हाती दिलेली मोठी ठेव म्हणजे विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट. त्यात सोन्याचा कण नाही, पण वाकाटकांची ही शाखा इतिहासात उजेडात यायला त्याचा मोठा हातभार लागला.

चाहत्यांनी आता कशावर लक्ष ठेवावे?

टीझरवर नको. टीझर नेहमीच चांगला असतो. पाहायचे ते श्रेयनामावलीत. छायालेखक कोण, कला दिग्दर्शन कुणाचे, पटकथेवर मूळ चौघांपैकी किती नावे उरली? चित्रीकरण खऱ्या पावसात होते आहे की हिरव्या पडद्यासमोर, हेही कळीचे. पहिल्या भागाला पावसाळ्यांनी थांबवले होते. दुसऱ्या भागाचे वेळापत्रक पावसासाठी थांबायला तयार असेल, तर निम्मी काळजी तिथेच मिटेल. आणि ‘पहाडपंगिरा’ कधी काळी पडद्यावर आलाच, तर प्रेक्षकाला एकाच बियाण्याची दोन झाडे शेजारी ठेवून पाहता येतील. तोवर वाशिमच्या चाहत्याने पहिला भाग पुन्हा पाहायचा असल्यास मोबाइलऐवजी घरातल्या टीव्हीवर, दिवे मालवून पाहावा. वाड्याच्या भिंतींवरचा पाऊस फोनच्या स्पीकरमधून ऐकू येत नाही.