परिचर्येच्या पदवीचा मार्ग

सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या वस्त्यांत कापडधंद्याच्या आश्रयाने आलेली खानदेशी कुटुंबे आता पुरती स्थिरावली आहेत. त्यांच्या मुलींना महापालिकेच्या शाळांतून मराठीत शिकण्याची सोय आहे. यांपैकी जिला परिचारिका व्हावयाचे आहे, तिचा मार्ग बारावीनंतर नव्हे, तर दहावीच्या निकालाच्या दिवशीच ठरतो, हे पालकांनी ध्यानी घ्यावयास हवे.

बी. एस्सी. नर्सिंगच्या चार वर्षांच्या पदवीसाठी बारावीस भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय आणि सर्वसाधारण वर्गास किमान ४५ टक्के गुण लागतात. शिकवणीचा खर्च नको म्हणून मुलीस कला शाखेत घातले, की हे दार तत्काळ बंद होते. मग उरते ती तीन वर्षांची जी. एन. एम. पदविका. ती गौण मुळीच नव्हे. परिचर्या परिषदेकडे नोंदणी होऊन मुलगी कमावती होते आणि पुढे दोन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम पुरा करून पदवीही मिळवू शकते. चारांऐवजी पाच वर्षे लागतात, इतकेच. मात्र हा लांबचा रस्ता जाणूनबुजून निवडलेला असावा, अज्ञानापोटी पदरी पडलेला नसावा. एम. एस्सी.साठी पदवीस ५५ टक्के गुण व एक वर्षाचा अनुभव लागतो. तेव्हा केवळ उत्तीर्ण होण्यावर समाधान मानून चालणार नाही. संस्थेची मान्यता व विद्यापीठाची संलग्नता शुल्क भरण्यापूर्वीच पाहावी. परराज्यातून आलेल्यांनी जातीचा दाखला कोठे ग्राह्य ठरतो, याची चौकशीही वेळीच करावी.

भोर समितीने १९४६ साली पदवीस्तरीय परिचर्याशिक्षणाचा आग्रह धरला आणि त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे असे शिक्षण सुरूही झाले. तरीही परिचर्या म्हणजे गरजूंची नोकरी, हा समज अद्याप सुटलेला नाही. सुरतेने तरी तो बाळगू नये. १९९४ च्या प्लेगमध्ये लाखो लोक शहर सोडून गेले, तेव्हा रुग्णांचा मुख्य भार सिव्हिल रुग्णालयाने वाहिला. प्रशिक्षित परिचारिकांवाचून कोणतेही रुग्णालय असा भार पेलू शकत नाही.

सारा दोष पालकांच्या माथी मारणेही न्याय्य होणार नाही. दिवसभर यंत्रमागावर राबणाऱ्या बापाने प्रवेशाचे नियम कोठून जाणावे? मराठी शाळांनी दहावीच्या वर्षीच पालकांना बोलावून हे दोन्ही मार्ग समजावून द्यावेत, आणि मुलींचे इंग्रजी पक्के करण्याकडे लक्ष पुरवावे. मुलीची बुद्धी नव्हे, तर वेळेवर न मिळालेली माहिती तिच्या आड यावी, ही गोष्ट कोणत्याही शहरास शोभणारी नाही.