जुना नाद, नवा पाठ

ध्वनिमुद्रिका एकदां निघाली म्हणजे ती कायमची झाली, अशी आमच्या पिढीची समजूत होती. पुस्तकाची दुसरी आवृत्ति निघते, नाटकाचा प्रयोग रोज थोडा निराळा होतो. पण तबकडीवर जें उमटलें तें उमटलें. आतां ही समजूत सोडून दिली पाहिजे. विलायतेंत जुन्या नामांकित तबकड्या मूळ फितींवरून नव्यानें मिसळून काढण्याचा उद्योग जोरांत चालला आहे, आणि प्रत्येक नव्या प्रतीबरोबर ऐकणारांचे दोन तट पडतात. घरांतील तरुण मंडळी या वादांत हिरिरीनें भाग घेतात आणि वडील मंडळी तो पोरखेळ समजून पान उलटतात. आम्हांस तो पोरखेळ वाटत नाहीं. त्यांतील मूळ प्रश्न आपल्या पंडितांनीं फार पूर्वीं हाताळलेला आहे.

उदाहरणादाखल एकच तबकडी घेऊं. 'किंग क्रिमसन' नांवाच्या इंग्रज वादकमंडळीनें १९६९ सालच्या ऑक्टोबरांत 'इन दि कोर्ट ऑफ दि क्रिमसन किंग' ही आपली पहिली तबकडी प्रसिद्ध केली. नांवांतील 'क्रिमसन' पाहून कोणीं बिचकूं नये. तो आपल्या 'किरमिजी'चा सख्खा भाऊ असून कोशकार दोहोंचें मूळ अरबीच्या वाटेनें संस्कृत 'कृमिज' शब्दापर्यंत नेतात. तबकडींत रचना अवघ्या पांच, आणि एकूण काळ सुमारें ४४ मिनिटें. रॉबर्ट फ्रिप यांची गिटार, ग्रेग लेक यांचा कंठ, मायकेल जाइल्स यांचे ड्रम, ईयन मॅक्डोनल्ड यांचीं सुषिर वाद्यें आणि पीटर सिनफील्ड यांची शब्दरचना. ज्यास 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हणतात त्या पंथाचा हा जवळजवळ आद्यग्रंथच मानला जातो. त्यांत आरडाओरडा आहे हें खरें. पण बांसरीचा इतका हळुवार उपयोग आहे कीं, ज्यांनीं ती रचना ऐकली नाहीं त्यांनीं या संगीतास नुसता गोंगाट म्हणण्याची घाई करूं नये.

या तबकडीचा प्राण म्हणजे मेलोट्रॉन. हें पेटीसारखें पट्ट्यांचें वाद्य असून प्रत्येक पट्टीखालीं फितीचा एक तुकडा असतो. त्यावर व्हायोलिनादि वाद्यांचे सूर आधींच मुद्रित केलेले. पट्टी दाबली कीं फीत धावूं लागते, आणि सुमारें आठ सेकंदांत संपते. म्हणजे सूर कितीहि लांबवावासा वाटला तरी वादकास बोट उचलावेंच लागतें. त्या किंचित् थरथरत्या, धुरकट सुरांचे डोंगर 'एपिटाफ' आणि शीर्षकाच्या रचनेंत उभे राहतात.

आतां मुद्रणाची गोष्ट. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओंत त्या वेळीं फीत होती ती आठ पदरांची. इतकीं वाद्यें आठ पदरांत मावेनात, म्हणून भरलेले पदर एकत्र मिसळून कमी पदरांवर उतरवावयाचे आणि मोकळ्या झालेल्या जागेंत पुढचें वाद्य भरावयाचें, अशी युक्ति करावी लागली. अशा प्रत्येक नकलेगणिक सूर थोडा मळतो. त्यांत भर अशी कीं, अखेरच्या मिश्रणाच्या वेळीं यंत्राचें मुद्रण-शीर्ष नीट जुळलेलें नव्हतें. वरचे बारीक नाद कांहीं गळाले आणि कोठें कोठें एक खरखर शिरली. लोकांनीं चाळीस वर्षें जें ऐकलें, तें हें असें.

पुढें २००९ सालीं, चाळिसाव्या वर्षाच्या निमित्तानें, स्टीव्हन विल्सन या संगीतकारानें फ्रिप यांच्या सहकार्यानें तबकडी पुन्हां मिसळली. हे विल्सन १९६७ चे. तबकडी निघाली तेव्हां पुरे दोन वर्षांचेहि नव्हते. पुनर्मिश्रण आणि नुसतें परिमार्जन यांत लोक नेहमीं घोंटाळा करतात. तयार भाजीला वरून फोडणी देणें हें परिमार्जन; तेंच साहित्य निवडून, चिरून भाजी नव्यानें करणें हें पुनर्मिश्रण. येथें तर नकला होण्यापूर्वींच्या पहिल्या फिती हातीं लागल्या होत्या. त्या गणकयंत्रावर एकमेकींशीं जुळवून घेतल्यामुळें १९६९ सालीं मिसळणारांसहि जो स्वच्छ सूर लाभला नव्हता तो विल्सन यांस लाभला.

याचें स्वागत कसें झालें? एक पक्ष म्हणतो, डोळ्यांवरची सारी उतरली. झांजांचा किणकिणाट वेगळा ऐकूं येतो, बांसरीच्या मागील फुंकर कळते, लेक यांनीं शब्द उच्चारण्यापूर्वीं घेतलेला श्वास जाणवतो. दुसरा पक्ष म्हणतो, तेंच तर नको होतें. मेलोट्रॉनचा जो लोंढा अंगावर येत असे त्याचे आतां स्वतंत्र पाट झाले. दरबार होता तेथें दिवाणखाना झाला. ती खरखरहि आम्हांस पाठ होती, असें ते सांगतात.

या दुसऱ्या पक्षास हेकट म्हणून उडवून लावणें सोपें आहे. पण आम्हांस तें न्याय्य वाटत नाहीं. पंधराव्या वर्षीं जी वस्तु मनांत बसते ती तिच्या डागांसकट बसते. २०२२ सालीं वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरील शेंदराचें लेपन उतरविलें आणि आंतील मूळ रूप प्रकट झालें. मूळ रूप अधिक जुनें, अधिक खरें, यांत शंका नाहीं. तरी ज्या आजीबाईंनीं जन्मभर शेंदरी रूपापुढें हात जोडले त्यांना क्षणभर परकें वाटलें असेल, तर त्यांच्या भक्तींत उणें काय आहे?

आतां पंडितांची गोष्ट. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ सालीं हातीं घेतली आणि १९६६ सालीं पुरी केली. १,२५९ हस्तलिखितें तपासलीं. जें सर्व परंपरांत आढळलें नाहीं तें मूळ संहितेंतून काढलें. त्यांत गणपतीनें व्यासांचा लेखक होऊन भारत लिहून घेतल्याची कथाहि गेली. मात्र ती फेंकून दिली नाहीं, परिशिष्टांत ठेवली. कोणता शब्द कोणत्या पोथींतला हें तळटीपांत नोंदविलें. संपादकाचा निर्णय ज्यास पटत नाहीं त्यास आपला पाठ शोधून काढण्याची वाट मोकळी राहिली.

हीच कसोटी आम्ही येथें लावतों. २००९ च्या संचांत 'मूनचाइल्ड' या रचनेचा अखेरचा स्वैर वादनाचा भाग सुमारें तीन मिनिटांनीं कमी केला. पुष्कळांस हायसें वाटलें. कारण तो भाग कंटाळवाणा आहे अशी तक्रार जुनीच आहे. पुष्कळ संतापले. रचना ज्याची त्यानेंच कापली, मग विचारणारे तुम्ही कोण, असा युक्तिवाद फ्रिप यांच्या बाजूनें होतो. तो आम्हांस लंगडा वाटतो. तें वादन गिटार, व्हायब्रफोन आणि ड्रम यांचा, म्हणजे फ्रिप, मॅक्डोनल्ड आणि जाइल्स या तिघांचा संवाद आहे. पुढें अडखळणें, थांबणें, वाट पाहणें हाच त्याचा विषय आहे. ज्यास तें कंटाळवाणें वाटतें त्यानें खुशाल उठून चहा घ्यावा. पाठभेदाचा अधिकार संपादकास आहे. पण चाळीस वर्षें ऐकलेला मजकूर गाळण्यास अभिरुचि हें कारण पुरेसें नाहीं.

तथापि संपूर्ण रूप त्याच संचांत जोडून दिलें होतें, आणि २००४ सालचें जुन्या मिश्रणाचें परिमार्जित रूपहि सोबत होतें. परिशिष्ट आहे, मूळ संहिता आहे; म्हणून या संपादकांवर लबाडीचा आरोप करतां येत नाहीं. खरी लबाडी ती, कीं नवी प्रत जुन्याच नांवानें व वेष्टनानें विकावी, जुनी बाजारांतून मुकाट्यानें काढून घ्यावी आणि गिऱ्हाइकास पत्ता लागूं देऊं नये. तसें कोणीं केलें तर, नवी प्रत कितीहि गोड असो, आम्ही कुरकुरणारांच्या पंगतीस बसूं.

पुढें पन्नासाव्या वर्षीं, २०१९ सालीं, विल्सन यांनीं तीच तबकडी पुन्हां एकदां मिसळली. म्हणजे संपादकाचेंहि स्वतःच्या पहिल्या पाठावर समाधान नव्हतें, किंवा मधल्या दहा वर्षांत त्याचा कान बदलला. ऐकणारांस आतां तीन पाठ झाले. ज्यांच्या घरीं यावरून पुतण्या आणि काका यांत बोलाचाली होत असेल त्यांनीं एक करावें: आधीं जुन्या मिश्रणांतील 'एपिटाफ' सलग ऐकावें, मग नवें, आणि मधें कोणीं कांहीं बोलूं नये. दोहोंस मिळून अठरा मिनिटेंहि लागणार नाहींत.