जमीन मोजून झाली, आकाशाचं काय?

पुरंदरच्या विमानतळाबद्दल २०१६ पासून जेवढं बोललं गेलं, त्यातलं जवळजवळ सगळं जमिनीबद्दल आहे. एकरी दर किती, विकसित भूखंड कुठे, ड्रोन सर्वेक्षण होऊ द्यायचं की नाही. पारगाव मेमाणे, खानवडी, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी या सात गावांनी जमिनीसाठी भांडावं हे योग्यच आहे. माझी तक्रार सरकारशी आहे आणि थोडी आपल्या वर्तमानपत्रांशीही. विमानतळ म्हणजे कुंपणाच्या आतली जागा, हे आपण सगळ्यांनी परस्पर मान्य करून टाकलं आहे.

ते खरं नाही. विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येतं. गणित करून बघा: धावपट्टीपासून दहा किलोमीटरवर ते सुमारे ५४० मीटर उंचीवर असतं. उतरणं फसलं तर पुन्हा वर चढायची वाट वेगळी आखावी लागते, उड्डाणाची वेगळी, घिरट्या घालत थांबायची वेगळी. प्रत्येक वाटेला खालच्या डोंगरापासून ठरावीक अंतर राखावं लागतं. सुरुवातीच्या टप्प्यात ते किमान ३०० मीटर. पुरंदर किल्ला समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरांहून उंच आहे, म्हणजे त्याच्यावरून येणारी अशी वाट किमान साडेसोळाशेवर हवी. हे सगळं कुणीतरी कागदावर काढतंच. प्रश्न एवढाच, की कधी आणि कुणाला दाखवून.

आणि आकाश ही दुय्यम बाब आहे असं कुणी म्हणू नये, कारण पुण्याच्या विमानतळाचं आजवरचं भवितव्य आकाशानेच ठरवलं आहे. चाकण-राजगुरुनगरचा पर्याय बारगळला तो डोंगरांमुळे. पुढे पुरंदरमध्येच पर्यायी जागा सुचवली गेली, आणि संरक्षण मंत्रालयाने तिला दिलेली मान्यता मागे घेतली. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, तिथलं नियंत्रण हवाई दलाकडे. पुरंदरची जागा तिथून तीसएक किलोमीटरवर. विमानाच्या हिशेबात हे अंतर म्हणजे पाच-सात मिनिटं. दोन्हीकडच्या वाटा एकमेकींत अडकणार, कुणाला तरी वळसा घालावा लागणार, हे कळायला तज्ज्ञ असावं लागत नाही. तो वळसा कुठल्या गावांवरून जाईल हे मात्र आजही सासवडच्या किंवा जेजुरीच्या माणसाला कुणी सांगितलेलं नाही.

धावपट्टीची दिशा दहा अंशांनी फिरवली, तर दहा किलोमीटरवर विमानांची रेषा पावणेदोन किलोमीटर सरकते. एक गाव सुटतं, दुसरं सापडतं. ज्याची जमीन गेली त्याला निदान मोबदल्याची नोटीस येते. ज्याच्या छपरावरून रात्री दोन वाजता विमान जाणार, त्याला काहीच येत नाही. पर्यावरण अहवालात आवाजाचे नकाशे असतात, हे मला ठाऊक आहे. पण ते काढताना मार्ग गृहीत धरावे लागतात, आणि खरे मार्ग वेगळे निघाले तर त्या जनसुनावणीला काय अर्थ उरतो? अंतिम मार्ग प्रसिद्ध होतात ते वैमानिकांसाठी, २८ दिवसांच्या चक्रात, वैमानिकांच्याच भाषेत. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे नुसतं भीतीपोटी म्हणत नाही. अमेरिकेत फिनिक्स शहरावरचे उड्डाणमार्ग सप्टेंबर २०१४ मध्ये तिथल्या विमान नियामकाने बदलले. उपग्रहाधारित मार्ग अचूक असतात, म्हणून पूर्वी पसरलेला आवाज बारीक पट्ट्यात एकवटला. जुन्या वस्त्या हैराण झाल्या, शहर कोर्टात गेलं आणि ऑगस्ट २०१७ मध्ये जिंकलं. ब्रिटनमध्ये २०१८ पासूनची पद्धत अशी, की हवाई मार्ग बदलायचा तर पर्याय मांडून खालच्या लोकांचं म्हणणं ऐकावं लागतं. तिथेही भांडणं संपलेली नाहीत. पण भांडायला समोर नकाशा तरी असतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: हे तांत्रिक आहे, शिवाय संरक्षणाची गुप्तता. सुखोई कुठून कुठे जातं हे कुणी विचारत नाहीये. नागरी विमान जेजुरीवरून किती उंचीने जाणार, यात गुप्त काय? ते सुरू झाल्यावर मोबाइलवरचं कुठलंही अ‍ॅप दाखवेलच. आणि तांत्रिक म्हणाल, तर सातबारा काय सोपा असतो? शेतकऱ्याने तो वाचायला शिकूनच घेतला.

बांधकामाचंही तेच. धावपट्टीभोवती साधारण चार किलोमीटरपर्यंत उंचीची मर्यादा ४५ मीटर, मग ती वीस मीटरला एक मीटर अशी वाढत जाते. पंचेचाळीस मीटर म्हणजे चौदा-पंधरा मजले, गावात कोण बांधतंय, असं वाटेल. पण हे मोजमाप विमानतळाच्या पातळीपासून होतं, तुमच्या जोत्यापासून नव्हे. डोंगरउतारावरच्या ज्या घराचं जोतंच विमानतळापेक्षा चाळीस मीटर वर आहे, त्याच्या वाट्याला उरले पाच मीटर. त्या घरावर दुसरा मजला चढेल का, हे भूसंपादनाच्या बैठकीत विचारलं, तर अधिकारी म्हणतील की तुमची जमीन प्रकल्पात जात नाही, तुम्ही बसा.